कंट्रोल-एक्स दाबूनही फाइल हलत नाही, तेव्हा काय तपासावे

‘कट केलं, पेस्ट केलं, पण फाइल गेलीच नाही’ ही तक्रार माझ्या कानावर वरचेवर येते, आणि ती करणारी व्यक्ती बहुधा कीबोर्ड उलटा करून झटकत असते. तक्रारीचे प्रकार तीन. कधी पेस्ट केल्यावर काहीच घडत नाही. कधी फाइल नव्या फोल्डरमध्ये पोहोचते, पण जुन्या फोल्डरमध्येही तशीच राहते. आणि कधी भलतेच हलते, म्हणजे एक फाइल हलवायला जावे आणि अख्खा फोल्डर जागेवरून नाहीसा व्हावा. काल चालले ते आज चालत नाही, म्हणून संशय कीबोर्डवर जातो. प्रत्यक्षात कीबोर्ड दोषी निघाल्याचे प्रसंग मला दोन-तीनच आठवतात. एरवी कळा व्यवस्थित दाबल्या गेलेल्या असतात, फक्त भलत्या क्षणी किंवा भलत्या जागी दाबलेल्या असतात. पुढील विवेचन मुख्यतः विंडोज १० आणि ११ यांच्या फाइल एक्सप्लोररला, म्हणजे फोल्डर आणि फाइली दाखवणाऱ्या विंडोला, धरून आहे. मॅकचा मुद्दा वेगळा असल्यामुळे तो नंतर घेतला आहे.

कट केल्यावर नेमके काय होते

मजकूर कट केला की तो डोळ्यांदेखत जातो. फाइलचे तसे नसते. कंट्रोल-एक्स दाबल्यावर विंडोज फाइलला हातही लावत नाही. ती कुठे आहे याचा पत्ता आणि ‘हलवायची आहे’ अशी खूण, एवढेच क्लिपबोर्डवर, म्हणजे कट-कॉपी केलेले तात्पुरते लक्षात ठेवण्याच्या जागेवर, नोंदवले जाते. कंट्रोल-सी दाबले तर पत्ता तोच राहतो आणि खूण ‘प्रत काढायची आहे’ अशी होते. फाइलमधला मजकूर या दोन्ही वेळी क्लिपबोर्डवर येतच नाही, म्हणूनच दहा जीबीचा फोल्डर कट करायला आणि दहा केबीची फाइल कट करायला सारखाच, म्हणजे जवळजवळ शून्य, वेळ लागतो. खरे काम कंट्रोल-व्ही दाबल्यावर, म्हणजे पेस्ट केल्यावर, सुरू होते. त्यामुळे कट केल्यानंतर वीज गेली, संगणक बंद पडला किंवा आपणच विसरून गेलो, तरी फाइल जागच्या जागी सुरक्षित असते. ‘कट करून ठेवली होती आणि नंतर पेस्ट करायला विसरलो, आता फाइल गेली का?’ असे घाबरून विचारणाऱ्यांना उत्तर हेच की, ती जिथे होती तिथेच पाहावी.

यातून तपासणीची पहिली पायरी मिळते. कट यशस्वी झाला की फाइलचे चिन्ह फिकट दिसू लागते. कंट्रोल-एक्स दाबल्यावर नजर पडद्यावर ठेवावी आणि चिन्ह फिकट झाले का, हे पाहूनच पुढे जावे. चिन्ह फिकट झालेच नसेल तर कट झालेला नाही आणि पेस्ट करून काही उपयोग नाही. चिन्ह फिकट झाले आणि पेस्ट करायच्या आधी पुन्हा गडद झाले, तर मधल्या काळात क्लिपबोर्डवरची नोंद पुसली गेली आहे. चिन्ह फिकटच असेल आणि तरीही पेस्ट होत नसेल, तर अडचण पोहोचण्याच्या ठिकाणी आहे. एक सावधगिरी मात्र हवी: लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू असेल तर त्या फाइलींची चिन्हेही कायमच फिकट दिसतात, आणि त्यांना पाहून ‘कट झाले’ असा गैरसमज होऊ शकतो.

मधल्या मध्ये पुसली जाणारी नोंद

वारंवार उद्भवणाऱ्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा या कारणाचा आहे, म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगतो. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या संगणकावर ‘पेस्ट अधूनमधून चालत नाही’ अशी कुरकूर होती. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटले, ‘मी काही सांगणार नाही, तुम्ही रोज करता तसंच करा.’ त्यांनी चौदा फाइली निवडल्या, कंट्रोल-एक्स दाबले, चौदाही चिन्हे फिकट झाली. मग दुसऱ्या ड्राइव्हवर जाऊन कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून नवा फोल्डर केला. त्याला नाव द्यायचे होते ते ईमेलच्या विषयात होते, म्हणून त्यांनी ईमेल उघडून तो विषय कंट्रोल-सी करून उचलला, फोल्डरच्या नावाच्या जागी कंट्रोल-व्ही केला, एंटर दाबून फोल्डर उघडला आणि आत पुन्हा कंट्रोल-व्ही दाबले. काहीच झाले नाही. ‘बघा!’ ते म्हणाले. जुन्या फोल्डरमध्ये जाऊन पाहिले तर चौदा फाइली पूर्ववत गडद दिसत होत्या. नाव उचलण्यासाठी दाबलेल्या कंट्रोल-सीने फाइलींची नोंद पुसून तिथे ईमेलचा विषय लिहिला होता, आणि एक्सप्लोररच्या फोल्डरमध्ये नुसता मजकूर पेस्ट करता येत नसल्यामुळे कोणताही संदेश न देता सारे शांत राहिले होते. ज्या दिवशी ते नाव हाताने टंकत, त्या दिवशी सर्व सुरळीत होई, म्हणूनच ‘अधूनमधून’.

क्लिपबोर्डवर चालू नोंद एका वेळी एकच असते. नवी आली की जुनी जाते. उपाय साधा आहे, तो म्हणजे क्रम बदलणे. आधी जिथे न्यायचे तो फोल्डर तयार करावा, त्याला नाव द्यावे, तो उघडून ठेवावा आणि त्यानंतरच फाइली निवडून कट कराव्यात, म्हणजे कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-व्ही यांच्या मध्ये फक्त विंडो बदलण्याची एक कृती उरते. यासाठी विंडोज कळ आणि ई दोनदा दाबून एक्सप्लोररच्या दोन विंडो उघडाव्यात, विंडोज कळ आणि डावा बाण दाबून एक डावीकडे, तर विंडोज कळ आणि उजवा बाण दाबून दुसरी उजवीकडे बसवावी, आणि एकीकडून दुसरीकडे जाण्यासाठी ऑल्ट-टॅब वापरावे. विंडोज ११ च्या २०२२ नंतरच्या आवृत्त्यांत एक्सप्लोररमध्येही ब्राउझरसारखे टॅब मिळतात. कंट्रोल-टी ने नवा टॅब उघडतो आणि कंट्रोल-टॅबने टॅब बदलतो. माझी पसंती तरीही दोन विंडोंनाच आहे, कारण चिन्ह फिकट आहे की गडद, हे पेस्ट करताना समोर दिसत राहते.

येथे अनेकांना विंडोज कळ आणि व्ही दाबून उघडणारा क्लिपबोर्डचा इतिहास आठवेल. २०१८ च्या अद्ययावतीकरणात आलेली ही सोय उत्तम आहे, पण ती मजकूर आणि चित्रे यांपुरतीच आहे. कट किंवा कॉपी केलेल्या फाइलींची नोंद त्या यादीत राहत नाही, त्यामुळे पुसलेली नोंद तिथून परत मिळण्याची आशा ठेवू नये. फाइली पुन्हा निवडून पुन्हा कट करणे हाच मार्ग.

काही वेळा आपण मध्ये काहीच कॉपी केलेले नसते, तरीही नोंद जाते. अशा वेळी क्लिपबोर्डवर लक्ष ठेवून असलेला एखादा प्रोग्रॅम शोधावा लागतो: शब्द निवडताच भाषांतर दाखवणारा, पडद्याची छायाचित्रे आपोआप क्लिपबोर्डवर टाकणारा, किंवा दूरच्या संगणकाशी जोडणी ठेवणारा. क्लिपबोर्ड एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो, आणि एखाद्याने तो उघडून अडवून ठेवला तर इतरांचे कट-पेस्ट खोळंबते. रिमोट डेस्कटॉप वापरत असताना ही अडचण आली, तर दूरच्या संगणकावर टास्क मॅनेजरमधून ‘आरडीपीक्लिप’ ही प्रक्रिया बंद करून पुन्हा सुरू केल्यास क्लिपबोर्ड बहुधा ताळ्यावर येतो. बाकीच्या वेळी असे प्रोग्रॅम एकेक करून बंद करावेत आणि प्रत्येक वेळी एकाच निरुपद्रवी फाइलवर कट-पेस्ट करून पाहावे.

कळ दाबली, पण कोणाला ऐकू गेली?

दुसरे कारण अधिक फसवे आहे. एक्सप्लोररची विंडो दिसायला एक असली तरी कळांचा हुकूम घेणाऱ्या जागा तिच्यात अनेक आहेत: उजवीकडची फाइलींची यादी, डावीकडचा फोल्डरांचा पट्टा, वरची पत्त्याची चौकट, शोधाची चौकट आणि एफ-२ दाबल्यावर उघडणारी नावाची चौकट. ज्या जागेवर लक्ष केंद्रित असेल तीच जागा कंट्रोल-एक्स ऐकते. नाव बदलण्याच्या स्थितीत असताना कंट्रोल-एक्स दाबले तर फाइल कट होत नाही, तिच्या नावातली निवडलेली अक्षरे कट होतात. शोधाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत असेल तर निवड त्या चौकटीतल्या मजकुराची होते.

डावीकडचा पट्टा मात्र खरोखर धोक्याचा आहे. तिथल्या एखाद्या फोल्डरवर क्लिक करून तो उघडला, उजवीकडे फाइली दिसू लागल्या, आणि आपण त्यांच्याकडे पाहत कंट्रोल-एक्स दाबले, तरी लक्ष अजून डाव्या पट्ट्यातच असल्यामुळे कट होतो तो पूर्ण फोल्डर. पुढे दुसरीकडे जाऊन पेस्ट केले की फोल्डर आतल्या सर्व सामग्रीसह तिकडे जाऊन बसतो. ‘माझा फोल्डर कोणीतरी डिलीट केला’ अशा तक्रारींचा माग काढताना मी एकाहून अधिक वेळा इथेच येऊन पोहोचलो आहे. कट करण्यापूर्वी बाणाची कळ एकदा दाबून ठळक पट्टी कुठे सरकते हे पाहिले, तर शंका उरत नाही. ती डावीकडे सरकत असेल तर टॅब किंवा एफ-६ दाबत उजवीकडच्या यादीत यावे. चूक पेस्ट करण्यापूर्वी लक्षात आली तर एस्केप दाबून कट रद्द करता येतो, आणि पेस्ट झाल्यावर लक्षात आली तर लगेच कंट्रोल-झेड दाबावे. फाइली हलवण्याची क्रिया त्याने उलटते.

पेस्ट करतानाही जागेचा घोळ होतो. बाणांच्या कळांनी एखाद्या फोल्डरवर येऊन, तो नुसता निवडून कंट्रोल-व्ही दाबले, तर फाइल निवडलेल्या फोल्डरच्या आत जात नाही, उघड्या असलेल्या फोल्डरमध्येच पेस्ट होते. फाइल मुळात त्याच उघड्या फोल्डरमधली असेल, तर ती जिथल्या तिथे राहते आणि ‘पेस्ट चालत नाही’ असे वाटते. आत जाण्यासाठी एंटर दाबायलाच हवे. बाहेर येण्यासाठी ऑल्ट आणि वरचा बाण आहे. शोधाच्या निकालांच्या यादीत मात्र पेस्ट करताच येत नाही, कारण ती यादी म्हणजे फोल्डर नव्हे.

‘पाच फाइली निवडल्या होत्या, एकच गेली’ या तक्रारीचे मूळ निवडीत असते. सलग फाइली निवडायच्या तर शिफ्ट धरून बाण दाबावा. सुट्या निवडायच्या तर कंट्रोल धरून बाणाने सरकावे आणि हव्या त्या फाइलवर, कंट्रोल न सोडता, स्पेस दाबावा. या प्रवासात कंट्रोल क्षणभर सुटला आणि बाण दाबला गेला, की आधीची सारी निवड मोडते. विंडोच्या तळाशी निवडलेल्या फाइलींची संख्या दिसते. कट करण्याआधी ती वाचण्याची सवय लावावी.

फाइल दोन्हीकडे राहते तेव्हा

एक्स आणि सी या कळा शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे घाईत कटऐवजी कॉपी दाबली जाणे हे पहिले कारण, आणि चिन्ह फिकट झाले का हे पाहिल्यास ते तिथेच पकडले जाते. दुसरे कारण थोडे खोलातले आहे. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवताना तिचा मजकूर जागचा हलत नाही, तिची नोंद एका फोल्डरमधून दुसऱ्यात जाते, म्हणून मोठी फाइलही क्षणार्धात ‘जाते’. एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर नेताना मात्र विंडोजला आधी पूर्ण प्रत काढावी लागते आणि मग मूळ फाइल पुसावी लागते. प्रत निघाली पण मूळ पुसता आली नाही, कारण पेन ड्राइव्हला लिहिण्यापासून संरक्षण होते किंवा त्या फोल्डरमधून पुसण्याची परवानगीच आपल्या खात्याला नव्हती, तर फाइल दोन्हीकडे राहणे साहजिक आहे. माउसने ओढणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, एकाच ड्राइव्हवर ओढल्यास फाइल हलते आणि वेगळ्या ड्राइव्हवर ओढल्यास तिची प्रत होते. शिफ्ट धरून ओढली तर ती कुठेही हलतेच.

पोहोचण्याच्या ठिकाणी नकार

येथे विंडोज निदान बोलते तरी. फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असल्याचा संदेश आला, तर तो प्रोग्रॅम बंद करावा. सर्व काही बंद दिसत असेल तर एक्सप्लोररच्याच उजव्या बाजूचा पूर्वदर्शनाचा पट्टा ऑल्ट-पी दाबून बंद करून पाहावा, कारण फाइल दाखवण्यासाठी तोही ती धरून ठेवतो. तरीही अडले तर रिसोर्स मॉनिटर उघडून, सीपीयूच्या पानावरील ‘असोसिएटेड हँडल्स’ या भागात फाइलचे नाव शोधल्यास ती कोणी धरली आहे ते कळते. चार जीबीहून मोठी फाइल पेन ड्राइव्हवर जात नसेल तर तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असण्याची शक्यता दाट आहे. त्या पद्धतीची मर्यादाच तेवढी आहे. फोल्डरात फोल्डर, त्यात लांबलचक नावे, असे करत संपूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला तरीही एक्सप्लोरर अडतो, आणि तेव्हा मधल्या फोल्डरांची नावे आखूड करावी लागतात.

नकार न येणे हे कधीकधी नकारापेक्षा वाईट असते. ज्या ठिकाणी फोल्डर हलवला तिथे त्याच नावाचा फोल्डर आधीच असेल, तर विंडोजच्या मूळ मांडणीत दोन्ही फोल्डर न विचारता एकत्र केले जातात. प्रश्न विचारला जातो तो आतल्या फाइलींची नावे जुळली तरच. त्या प्रश्नाला ‘रिप्लेस’ असे उत्तर दिल्यावर दबलेली जुनी फाइल कंट्रोल-झेडने परत येत नाही. एकत्रीकरणापूर्वी विचारणा हवी असेल तर फोल्डर ऑप्शन्समधील ‘हाइड फोल्डर मर्ज कॉन्फ्लिक्ट्स’ या ओळीसमोरची खूण काढून टाकावी.

शिफ्ट-डिलीट: माझी स्वतःची चूक

झेड, एक्स, सी, व्ही ही चौकडी १९८३ च्या ॲपल लिसा संगणकावर रूढ झाली. कट-कॉपी-पेस्टची कल्पना त्याआधी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर यांनी आकाराला आणली होती. आयबीएमच्या परंपरेतून आलेल्या कळा वेगळ्या होत्या: कॉपीसाठी कंट्रोल-इन्सर्ट, पेस्टसाठी शिफ्ट-इन्सर्ट आणि कटसाठी शिफ्ट-डिलीट. मजकूर लिहिताना त्या आजही चालतात, आणि मी त्यांच्यावरच हात बसवलेला माणूस. एकदा बोलता बोलता फाइलींच्या यादीत मी सवयीने शिफ्ट-डिलीट दाबले आणि समोर आलेल्या चौकटीला न वाचता एंटर दिला. एक्सप्लोररमध्ये शिफ्ट-डिलीटचा अर्थ कट असा नाही. फाइल रिसायकल बिनमध्येही न टाकता कायमची पुसणे असा आहे. कंट्रोल-झेडचा उपयोग झाला नाही. बॅकअप आदल्या रात्रीचा होता, त्यामुळे एका दिवसाचे काम पुन्हा करून भागले. जुन्या कळांची सवय असलेल्यांनी फाइलींसाठी ती जाणीवपूर्वक मोडावी, एवढेच मी सांगेन.

मॅकवर

मॅकच्या फाइंडरमध्ये, म्हणजे तिथल्या एक्सप्लोररमध्ये, फाइल निवडून कमांड-एक्स दाबले तर ती कट होत नाही, आणि विंडोजवरून तिकडे गेलेले सर्वजण पहिल्या आठवड्यात याच ठिकाणी अडखळतात. तिथे हलवण्याचा निर्णय शेवटी घ्यायचा असतो: आधी कमांड-सी, मग पोहोचण्याच्या फोल्डरमध्ये जाऊन ऑप्शन-कमांड-व्ही. ऑप्शन धरले तर फाइल हलते, नाही धरले तर प्रत होते. २०११ च्या लायन आवृत्तीपासून ही सोय आहे, आणि खरे सांगायचे तर मला ती विंडोजपेक्षा अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. लिनक्सवरील बहुतेक फाइल मॅनेजरांत मात्र कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-व्ही हेच चालते.

एवढे करूनही

वरील काहीच लागू पडत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून तो रीस्टार्ट करावा. पडदा क्षणभर रिकामा होईल, त्याने घाबरू नये. मग कीबोर्डकडे वळावे. नोटपॅडमध्ये दोन शब्द लिहून कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-व्ही करून पाहावे, आधी डावीकडच्या आणि नंतर उजवीकडच्या कंट्रोलने. एकाच बाजूने चालत असेल तर दुसरी कळ खराब आहे. फोन किंवा कॅमेरा केबलने जोडून त्यावरील फाइली आणायच्या असतील तर मी कट वापरतच नाही. कॉपी करतो, चार-दोन फाइली उघडून पाहतो आणि मगच मूळ पुसतो, कारण मध्येच केबल निसटली तर काय पोहोचले आणि काय राहिले याचा हिशेब लावणे त्रासाचे होते.

आणि चिन्ह फिकट झाले, पेस्टही झाले, जुन्या फोल्डरमधून फाइल गेली, पण नव्या फोल्डरमध्ये ती दिसत नाही असे झाले, तर यादीच्या अगदी तळाशी जाऊन पाहावे. नुकत्याच आलेल्या फाइली एक्सप्लोरर पुष्कळदा क्रमात न बसवता शेवटी ठेवतो. एफ-५ दाबले की त्या आपापल्या जागी जाऊन बसतात.